ट्रायलच्या कागदावर सही करण्याआधी

गेल्या अंकात मी केमोच्या दिवसांतल्या खाण्यापिण्याबद्दल लिहिलं, आणि ओघात सांगून गेले की निवृत्त होईपर्यंत मी मुंबईतल्या एका कॅन्सर रुग्णालयात ट्रायल समन्वयक होते. ट्रायल म्हणजे एखादा उपचार किती उपयोगी आणि किती सुरक्षित आहे हे रुग्णांवर रीतसर तपासणारा अभ्यास. खाण्यापिण्याचं राहिलं बाजूला, या वेळची जवळजवळ सगळी पत्रं ट्रायलबद्दलच आली. रुग्णांना कागद वाचून दाखवायचे, तारखा सांभाळायच्या, रक्ताच्या नळ्यांवर चिठ्ठ्या लावायच्या आणि रात्री कोणाला ताप आला की फोन घ्यायचा, हे माझं काम. मी डॉक्टर नाही. औषध कुठलं घ्यावं हे मला विचारू नका, कागदाबद्दल हवं तेवढं विचारा.

प्रश्न : माझे वडील 58 वर्षांचे आहेत. तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, लाईटही (रेडिएशन) घेतली. आता मानेत पुन्हा गाठ आली आहे आणि ऑपरेशन शक्य नाही म्हणतात. डॉक्टरांनी ट्रायलचं विचारलं आहे. चुलते म्हणतात, "दादाचा उंदीर करायचा नाही." वडील म्हणतात, तू सांगशील तसं. मी काय सांगू?
(एक वाचक, कराड)

आधी डॉक्टरांना एकच गोष्ट विचारून या : "आम्ही ट्रायलला नाही म्हटलं, तर तुम्ही बाबांना काय द्याल?" त्याचं उत्तर कागदावर लिहून घ्या. मग ट्रायलमध्ये काय मिळणार ते त्याच्याशेजारी लिहा. बहुतेक घरं फक्त दुसरी बाजू ऐकतात आणि तेवढ्यावर हो किंवा नाही म्हणून मोकळी होतात.

ट्रायलमध्ये बहुधा दोन गट असतात. एका गटाला सध्याचा उपचार, दुसऱ्याला नवा, किंवा सध्याच्या उपचारात नव्याची भर. कोण कुठल्या गटात जाणार हे संगणक ठरवतो. डॉक्टरांच्या हातात ते नसतं, माझ्या तर नव्हतंच. "मॅडम, आमचं नाव चांगल्या बाजूला टाका," असं म्हणत पेढ्यांचा पुडा पुढे करणारे लोक मी पुष्कळ पाहिले. चांगली बाजू कुठली हे ठाऊक असतं तर ट्रायल कोणी केलीच नसती. "एका गटाला नुसत्या साखरेच्या गोळ्या देतात" हेही लोक खात्रीने सांगतात. कॅन्सरमध्ये चालू शकणारा उपचार उपलब्ध असताना त्याच्याऐवजी नुसती खोटी गोळी देत नाहीत. असलीच तर ती चालू उपचाराच्या जोडीला असते, आणि तसं कागदावर लिहिलेलं असतं.

तुमच्या वडिलांच्याच आजारातली दोन उदाहरणं देते. तोंडाचा कॅन्सर लहान असताना मानेतल्या गाठीही लगेच काढाव्यात, की मानेत काही उगवलं तरच काढाव्यात, यावर सर्जन मंडळी वर्षानुवर्षं भांडत होती. दोन्हीकडे नावाजलेले लोक. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी 2004 पासून रुग्णांचे दोन गट करून ते तपासलं. 2014 मध्ये देखरेख समितीने मधले आकडे पाहिले आणि नवीन रुग्ण घेणं थांबवायला सांगितलं, कारण फरक उघड झाला होता. लगेच मान साफ केलेल्यांपैकी 3 वर्षांनी 80 टक्के जिवंत होते, थांबून पाहिलेल्यांपैकी 67.5 टक्के. थांबलेल्या गटातल्या लोकांना कोणी फसवलं नव्हतं. तेव्हा पुष्कळ सर्जन तेच करत होते. पण त्या गटातली माणसं जास्त गेली, हेही खरं, आणि ते मी तुमच्यापासून लपवणार नाही.

दुसरं उदाहरण तुमच्या परिस्थितीच्या जास्त जवळचं. परत आलेल्या किंवा पसरलेल्या, बरं करणं शक्य नसलेल्या डोक्या-मानेच्या कॅन्सरसाठी इम्युनोथेरपीचं, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारं, निव्होलुमॅब हे औषध आहे. पूर्ण डोसात ते आपल्याकडे फार थोड्यांना परवडतं. टाटाच्याच डॉक्टरांनी 151 रुग्णांवर पाहिलं, की नेहमीच्या 240 मिलिग्रॅमऐवजी फक्त 20 मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी, तोंडाने घ्यायच्या स्वस्त गोळ्यांच्या जोडीला दिलं तर काय होतं. निकाल 2022 मध्ये आला. नुसत्या गोळ्यांवर वर्षभराने 16 टक्के लोक जिवंत होते, जोडीला हे औषध मिळालेल्यांत 43 टक्के. चांगला निकाल आहे. पण 43 वगळून उरलेले 57 सुद्धा मोजा. "ट्रायलने बाबा बरे होतील" असं कोणी सांगत असेल, तर तुमच्या वडिलांच्या टप्प्यावर ते खरं असण्याची शक्यता फार कमी आहे. काही महिने जास्त, त्रास थोडा कमी, एवढ्यासाठी आपण विचार करतोय हे घरात स्पष्ट असू द्या.

ट्रायल कुठल्या फेजची आहे हेही विचारा. फेज तीन म्हणजे वरच्यासारखी, मोठी, दोन गटांची. फेज एकमध्ये औषध माणसाला किती झेपतं हे पाहतात, गुण येतो का हा तिथला मुख्य प्रश्न नसतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने आपल्या फेज एकच्या ट्रायल्सचा वीस वर्षांचा हिशेब मांडला. 2000 ते 2005 मध्ये 100 पैकी साधारण 10 जणांची गाठ आकसली, 2013 ते 2019 मध्ये 18 जणांची. औषधामुळेच दगावलेले शंभरात एकाहून कमी. आकडे वाढलेत, तरी आकसणं म्हणजे बरं होणं नव्हे.

चुलत्यांना मी हसणार नाही. 1999-2000 मध्ये तिरुअनंतपुरमच्या रिजनल कॅन्सर सेंटरमध्ये तोंडाच्या कॅन्सरच्या 26 रुग्णांना अमेरिकेतल्या एका विद्यापीठाकडून आलेलं रसायन टोचण्यात आलं. आपल्या औषध नियंत्रकांची परवानगी आधी घेतलेली नव्हती. तिथल्याच एका डॉक्टरांनी आवाज उठवला म्हणून ते बाहेर आलं. आजचे नियम असल्या प्रकरणांतून आणि कोर्टकचेऱ्यांतून तयार झालेत. चुलत्यांना कागद वाचायला बसवा. शंका घेणारा माणूस कागद नीट वाचतो, असा माझा अनुभव आहे.

आता तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात टोचलेलं वाक्य : "तू सांगशील तसं." तुमच्या वडिलांना सगळं माहीत आहे का? आपल्याकडे मुलगा ओपीडीच्या दारात गाठून म्हणतो, "बाबांना गाठ आहे एवढंच सांगितलंय, कॅन्सर शब्द काढू नका." नेहमीच्या उपचारात डॉक्टर कधीकधी कानाडोळा करतात. ट्रायलमध्ये ते चालत नाही. संमती रुग्णाची लागते, शुद्धीत असलेल्या माणसाच्या वतीने मुलाची सही चालत नाही, आणि पहिल्याच पानावर आजाराचं नाव छापलेलं असतं. एका घरातल्या पाच माणसांनी मला बाजूला घेऊन विनवलं होतं, आणि आत गेल्यावर आजोबा म्हणाले, "बाई, मला ठाऊक आहे, पण यांना सांगू नका." तुम्ही आज संध्याकाळी वडिलांशी बोला. हो-नाही नंतर.

शेवटचं, येण्याजाण्याचं. ट्रायलच्या तारखा ठरलेल्या असतात, ऊसतोड आहे किंवा घरात लग्न आहे म्हणून त्या हलत नाहीत. ठरलेल्या दिवशी रक्त, ठरलेल्या आठवड्यात सीटी स्कॅन, काही ठिकाणी पुन्हा बायोप्सी. कराडहून रात्रीची एसटी करून सकाळी सातला रक्त द्यायला उभं राहणं आजारी माणसाला किती दिवस जमेल? प्रवासखर्च मिळतो का, हे विचारायला लाजू नका, पुष्कळ ट्रायल्समध्ये त्याची तरतूद असते. राहण्यासाठी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत चौकशी करा, कॅन्सरच्या रुग्णांना ती जुनी ओळखीची जागा आहे.

प्रश्न : मला दुसऱ्या टप्प्यातला स्तनाचा कॅन्सर आहे. न्यू जर्सीतली माझी मामेबहीण म्हणते, ट्रायलमधले रुग्ण इतरांपेक्षा जास्त जगतात, एखादी ट्रायल शोध. खरं आहे का? मी शाळेत गणित शिकवते, म्हणून आकडे द्या.
(एक शिक्षिका, नाशिक)

गणिताच्या बाई भेटल्या, बरं झालं. तुमची बहीण खोटं बोलत नाही, पण तिचा आकडा अर्धवट आहे.

ट्रायलमधल्या आणि ट्रायलबाहेरच्या रुग्णांची तुलना करणारे अभ्यास पुष्कळ झालेत. 2024 मध्ये जामा या वैद्यकीय नियतकालिकात त्यांतल्या 39 शोधनिबंधांचा एकत्र हिशेब आला. सगळे सरसकट घेतले तर ट्रायलमधल्या रुग्णांचा मृत्यूचा धोका 24 टक्क्यांनी कमी दिसतो. तुमच्या बहिणीने हेच कुठेतरी वाचलं असणार. पण त्याच हिशेबात फक्त काटेकोर केलेले अभ्यास ठेवले की फरक 9 टक्क्यांवर येतो, आणि तोही योगायोगाने आलेला असू शकतो इतका पुसट. चांगलेच निकाल जास्त छापून येतात हे धरून सुधारणा केली, तर 6 टक्के.

फरक विरघळतो कुठे? ट्रायलमध्ये शिरतानाच गाळणी लागते. किडनी ठीक हवी, हिमोग्लोबिन अमुक हवं, रुग्ण स्वतःच्या पायांनी चालता हवा, दुसरा मोठा आजार नको. शिवाय ज्याला मोठ्या रुग्णालयापर्यंत पोचता येतं तोच तिथे असतो. प्रवेश परीक्षा घेऊन मुलं निवडणाऱ्या शाळेचा दहावीचा निकाल कसा लागतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून "जास्त जगण्यासाठी" म्हणून ट्रायल शोधत फिरू नका. दुसऱ्या टप्प्यातल्या स्तनाच्या कॅन्सरला आज ठरलेला, परिणाम माहीत असलेला उपचार आहे. तो वेळेत सुरू करणं तुमच्यासाठी पहिलं. त्या उपचारात चालणारी ट्रायल समोर आली, तर जरूर विचार करा.

आणि ट्रायल टाळून थेट "नवीनातलं नवीन" घेणं याचंही एक उदाहरण बहिणीला कळवा, कारण ते तिच्या अमेरिकेतलं आहे. 1990 च्या आसपास तिथे स्तनाच्या कॅन्सरला केमोचा प्रचंड मोठा डोस आणि त्यानंतर आधी काढून ठेवलेला रुग्णाचाच बोन मॅरो (हाडांतला रक्त तयार करणारा मगज) परत देणं, हे शेवटचं रामबाण मानलं जाऊ लागलं. तर्क सोपा होता : जास्त औषध, जास्त पेशी मरणार. विमा कंपन्या पैसे देईनात म्हणून लोक कोर्टात गेले. हजारो बायकांनी तो उपचार ट्रायलबाहेर घेतला, आणि ट्रायलला रुग्ण मिळेनात, कारण साध्या गटात कोणाला जायचं नव्हतं. शेवटी 1999 मध्ये पाच ट्रायल्सचे निकाल मांडले गेले. चारांत ठोस फायदा दिसला नाही. पाचवी, दक्षिण आफ्रिकेतली, फायदा सांगत होती. पुढच्या वर्षी तिची कागदपत्रं तपासली तेव्हा तो बनाव निघाला. दरम्यान कित्येक बायकांनी तो जीवघेणा उपचार सोसला, काही त्यानेच गेल्या.

उलट बाजूचं उदाहरण आपल्या मुंबईतलं, आणि मला ते फार आवडतं. ऑपरेशनच्या टेबलावर, गाठ काढण्याआधी काही मिनिटं, तिच्याभोवती लिग्नोकेन टोचायचं. दाताच्या डॉक्टरकडे बधिर करायला वापरतात ना, तेच. ऑपरेशनच्या धक्क्याने पेशी पसरू नयेत, ही कल्पना. डॉ. राजेंद्र बडवे यांच्या पुढाकाराने 2011 पासून देशातल्या 11 केंद्रांत 1,600 स्त्रिया त्यात सहभागी झाल्या. 6 वर्षांनी इंजेक्शन घेतलेल्यांपैकी 90.1 टक्के जिवंत, न घेतलेल्यांपैकी 86.4. खर्च शंभर रुपयांच्या आत. यात कुठल्या औषध कंपनीला कमाई नाही, म्हणून असली ट्रायल कंपनी कधी करणार नाही. तुमचं ऑपरेशन अजून व्हायचं असेल तर सर्जनना याबद्दल विचारा. गंमत पाहा, त्या ट्रायलचा फायदा घ्यायला तुम्हाला कुठल्याही ट्रायलमध्ये जावं लागत नाही.

प्रश्न : माझ्या आजोबांना रक्ताचा कॅन्सर आहे. ट्रायलचे कागद वाचून दाखवले, अंगठा घेतला, समोर कॅमेरा लावला होता. वार्षिक उत्पन्न विचारलं आणि वारसदाराचं नावही लिहून घेतलं. तेव्हापासून आजी रडतेय, म्हणते, हे मरणार हे यांना आधीच ठाऊक आहे. काही झालं तर जबाबदार कोण?
(एक विद्यार्थिनी, बीड जिल्हा)

आजीला सांग, वारसदाराचा रकाना प्रत्येकाच्या फॉर्मवर असतो, तरुणाच्यासुद्धा. नुकसानभरपाई द्यायची वेळ आली तर कोणाला द्यायची, यासाठी तो आहे. मी तो रकाना नेहमी हसतमुखाने भरायचा प्रयत्न करायचे आणि तरी समोरचा चेहरा उतरायचा. उत्पन्न विचारणंही ठरलेल्या फॉर्ममधलंच.

कॅमेऱ्याचं म्हणशील, तर तो आजोबांच्या बाजूचा आहे. नवीन औषधाच्या ट्रायलमध्ये परिस्थितीने गांजलेल्या रुग्णाची संमती घेताना चित्रीकरण करावंच लागतं, म्हणजे "वाचून दाखवलं" असं नुसतं लिहून भागत नाही. अंगठा असेल तर सगळं बोलणं होईपर्यंत एक तटस्थ साक्षीदार बसलेला हवा, ट्रायलशी संबंध नसलेला. तसा कोणी होता का, हे आजोबांना विचार. माहितीपत्रक आणि भरलेल्या संमतीपत्राची प्रत घरी मिळायला हवी, मराठीत. तुमच्याकडे ती नसेल तर उद्याच माग. तिच्यावर आचारसमितीचा, म्हणजे ट्रायलवर लक्ष ठेवणाऱ्या एथिक्स कमिटीचा, संपर्क असतो. ही समिती किमान सात जणांची, निम्मे लोक त्या रुग्णालयाच्या बाहेरचे, त्यात एक वैद्यकाशी संबंध नसलेला साधा माणूस. तक्रार त्यांच्याकडे करता येते.

जबाबदारीचं 2019 च्या नवीन औषधे व क्लिनिकल ट्रायल नियमांत लिहिलेलं आहे. गंभीर काही घडलं तर 24 तासांच्या आत वर कळवावं लागतं. ट्रायलमुळे इजा झाली तर तिचा उपचार फुकट. मृत्यू ट्रायलमुळे झाला असं ठरलं तर भरपाई, तिचं सूत्र ठरलेलं आहे : मूळ रक्कम 8 लाख, तिच्यात वय आणि आधीच्या आजाराची गंभीरता धरून फेरफार. मूळ कॅन्सरनेच मृत्यू आला तर मात्र काही मिळत नाही, आणि खरे वाद तिथेच होतात. म्हणून आजोबांची प्रत्येक तक्रार, उलटीपासून चक्करेपर्यंत, तारखेसह एका वहीत लिही आणि प्रत्येक भेटीला समन्वयकाला दाखव. तू शिकलेली आहेस, हे काम तुझं. वैद्यांचा काढा किंवा कुठलीही पुडी चालू असेल तर तेही सांगून टाका. लिव्हरचे रिपोर्ट बिघडले की औषधाने की काढ्याने, हे नंतर कोणालाच कळत नाही.

आजोबांना नको वाटलं तर कधीही बाहेर पडता येतं, कारण न देता. नेहमीचा उपचार त्यामुळे बंद करता येत नाही. फक्त न सांगता गायब होऊ नका, काही औषधं हळूहळू थांबवावी लागतात.

प्रश्न : एका खाजगी क्लिनिकने "इम्युन सेल ट्रायल"साठी साडेतीन लाख भरायला सांगितले आहेत. भरावेत का?
(एक वाचक, पुणे)

नाही. संशोधनासाठी लागणारा खर्च रुग्णाकडून घ्यायचा नाही, असं आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. त्यांच्याकडे सीटीआरआय, म्हणजे देशातल्या ट्रायल्सच्या नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक मागा. ही सरकारी नोंदवही 2007 मध्ये सुरू झाली, 2009 पासून नोंदणी सक्तीची आहे आणि संकेतस्थळावर कोणालाही फुकट पाहता येते. क्रमांक देताना टाळाटाळ झाली की उठून या.

प्रश्न : माझ्या सासरच्या भागात फार वर्षांपूर्वी गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरसाठी बायकांची तपासणी झाली होती. सासूबाई सांगतात, काही गावांत तपासायला आले, त्यांच्या गावात नुसती माहिती दिली. असं का? आणि निकाल काय लागला? माझं वय 41 आहे.
(एक वाचक, धाराशिव)

वर्णनावरून तो तुमच्या जिल्ह्यातलाच मोठा अभ्यास दिसतो. तेव्हा जिल्हा उस्मानाबाद होता. 1999 पासून 30 ते 59 वयाच्या 1,31,746 निरोगी स्त्रिया त्यात होत्या. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय, टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तो केला. गावांचे चार गट होते. एकात हा कॅन्सर घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पॅप स्मिअर (गर्भाशयाच्या मुखाच्या पेशी पुसून घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं), तिसऱ्यात व्हिनेगर लावून डोळ्यांनी पाहणं, आणि चौथ्यात नेहमीचीच आरोग्यसेवा, म्हणजे तपासणी कुठे करून मिळेल एवढी माहिती. सासूबाईंचं गाव चौथ्यातलं असणार.

2009 मध्ये निकाल आला. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले : त्या गटात 34, चौथ्या गटात 64. उरलेल्या दोन तपासण्यांनी मृत्यूंत ठळक फरक पडला नाही.

चौथ्या गटावरून जगभर वाद झाला. पॅप स्मिअरने या कॅन्सरला आळा बसतो हे श्रीमंत देशांत तेव्हा माहीत होतं, मग इतक्या बायकांना तपासणीविना का ठेवलं, असा सवाल होता. करणाऱ्यांचं म्हणणं, त्या काळी तिथल्या खेड्यांत तपासणीच नव्हती, म्हणून तुलना "काहीच नाही" याच्याशी. मला हे उत्तर पुरत नाही. त्या 64 जणींत तुमच्या सासूबाईंच्या ओळखीची कोणी असू शकेल. पण एचपीव्ही चाचणी इतकी प्रभावी आहे हे दाखवणारे महत्त्वाचे आकडे त्याच अभ्यासातून आले, हेही मला नाकारता येत नाही. 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने 30 व्या वर्षापासून दर 5 ते 10 वर्षांनी हीच चाचणी करावी असं सांगितलं.

41 म्हणजे तुमची वेळ झालेलीच आहे. जिल्हा रुग्णालयाच्या स्त्रीरोग विभागात एचपीव्ही चाचणीचं नाव घेऊन विचारा. तिथे नसेल तर व्हिनेगरची तपासणी तरी करून घ्या आणि एचपीव्हीची कुठे होते ते त्यांच्याकडूनच लिहून आणा. जाताना जावेलाही सोबत न्या.